स्नीक्ड की स्नक, आणि मग चोरपावलं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बहीण न्यू जर्सीहून आली, तिची लेक बारा वर्षांची आणि माझा मुलगा सातवीत, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाची, त्यामुळे महिनाभर घरात नुसता धिंगाणा होता. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून उठून गेले तर फ्रीज सताड उघडा आणि दोघं ओट्याला टेकून आमरसाच्या डब्यात चमचे घालून उभी. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, मावशी सॉरी, वी जस्ट स्नक इन. आणि माझ्या मुलाने तोंडातला चमचाही न काढता तिला तिथल्या तिथे सांगितलं, स्नक नसतं गं, स्नीक्ड असतं.

झालं. आमरस राहिला बाजूला आणि रात्री पावणेबाराला स्नीक, म्हणजे गुपचूप शिरणं, या क्रियापदाच्या भूतकाळावरून भांडण सुरू. त्याच्या वहीत मागच्या वर्षी याच शब्दावर लाल गोल आला होता, कुठल्यातरी सिरीजमध्ये ऐकून त्याने स्नक लिहिलं होतं, त्यामुळे त्याला शंभर टक्के खात्री. आणि तिचं म्हणणं की तिच्या शाळेत सगळे स्नकच म्हणतात, टीचरसुद्धा. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करते म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी सांगितलं की दोघंही बरोबर आहात, आता झोपा. पण खरं सांगायचं तर नंतर झोप मला लागेना, कारण या शब्दाशी माझं स्वतःचंही एक काम अडून बसलं होतं, ते पुढे सांगते.

आधी स्नकचं. इंग्रजीत साधारण असं होत आलंय की वेडेवाकडे भूतकाळ हळूहळू सरळ होतात. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प होता, क्लाइंबचा क्लोम होता, आज हेल्प्ड आणि क्लाइंब्ड म्हणतात, जुनी रूपं कुणाला आठवतही नाहीत. स्नीकचं नेमकं उलटं झालं. सोळाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द लिखाणात दिसायला लागतो तेव्हापासून पुढची तीनशे वर्षं त्याचा भूतकाळ सरळसाधा स्नीक्ड होता, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांच्या तोंडी स्नक आलं. छापलेलं सगळ्यात जुनं उदाहरण १८८७ सालचं आहे, न्यू ऑर्लिन्सच्या एका वर्तमानपत्रातलं, आणि तेही रस्त्यावरच्या माणसाच्या बोलीत. यात गंमत अशी की अशी जोडी इंग्रजीत दुसरी नाहीच, लीकचं लक होत नाही, पीकचं पक होत नाही. स्टिकचं स्टक होतं, स्ट्राइकचं स्ट्रक होतं, तो ठसका कानात बसलेला असणार, आणि खरंच म्हणून बघा, स्नीक्डमध्ये शब्द लांबतो आणि स्नकमध्ये माणूस एका दमात आत गेलेला असतो. डिगचं डग असंच मागाहून आलं, १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अजून डिग्ड आहे. डाइव्हचं डोव्हसुद्धा असंच, तेही अमेरिकेत वाढलेलं. आज अमेरिकेत आणि कॅनडात स्नक सर्रास चालतं, शब्दकोशांत दोन्ही रूपं असतात, ब्रिटनमध्ये अजून स्नीक्डकडे कल आहे, आणि आपल्या शाळा ब्रिटनच्या वळणावर गेलेल्या म्हणून मुलाच्या वहीत लाल गोल.

मला यावर लाल गोल करणाऱ्या त्याच्या बाईंचा राग वगैरे नाही आला कारण मराठीत आपण हेच करतो की. मी चहा पिला म्हटलं की पुण्यात अजूनही समोरच्याच्या कपाळावर आठी येते, प्यायला म्हणा, पिला म्हणजे पक्ष्याचं पिल्लू का वगैरे. पण निम्म्या महाराष्ट्रात लोक पिलाच म्हणतात, आणि त्यांच्या घरात तेच बरोबर असतं. माझ्या सासरी धुतलं नाही, धुवलं म्हणतात. लग्नाला सोळा वर्षं झाली आणि आता माझ्याही तोंडात कपडे धुवले असंच येतं. ते ऐकून माझी आई थांबते, पण दुरुस्त करत नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याच १८८७ सालचा आणखी एक उल्लेख आहे, आणि तो मला स्नकपेक्षाही जास्त आवडतो. बॉस्टनहून निघणाऱ्या एका शिक्षणविषयक नियतकालिकात लिहिलंय की शाळेतली पोरं टेनिसच्या बुटांना स्नीकर्स म्हणतात आणि हे नाव किती चपखल आहे ते फक्त गांजलेल्या मास्तरांनाच कळेल. म्हणजे स्नीकर्स हे नाव कुणा कंपनीने दिलेलं नाही, पोरांनी दिलंय. इंटरनेटवर सगळीकडे एक गोष्ट फिरते की १९१७ साली एका जाहिरातवाल्याने हा शब्द बनवला, ती चुकीची आहे, शब्द त्याच्या तीस वर्षं आधीपासून होता. कारण तर साधं आहे, चामड्याच्या टाचेचा आवाज होतो, रबराचा होत नाही. चार्ल्स गुडइयरला रबर पक्कं करायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं १८४४ साली, त्यानंतर रबरी तळव्याचे बूट सगळीकडे व्हायला लागले आणि रोजचे बूट घालूनही आवाज न करता चालणं सोपं झालं.

आणि त्याच्याही मागे, १८६२ सालच्या इंग्लंडमधल्या बायकांच्या तुरुंगावरच्या एका पुस्तकात येतं की रात्रपाळीची पहारेकरीण रबरी बूट घालून फिरायची आणि कैदी बायका त्या बुटांना स्नीक्स म्हणायच्या. हे वाचून मी जरा वेळ थांबले. कारण स्नीक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो पळणारा, लपणारा, आमरस चोरणारा. इथे लपतछपत चालणारी बाई ही किल्ल्यांचा जुडगा हातात असलेली आहे, आणि तिला हे नाव ठेवलंय कोठडीत बंद असलेल्यांनी. अंधारात पडून कान देऊन ऐकायचं आणि काही ऐकू येत नाही म्हणजे ती आली असं समजायचं, किती भयंकर असेल ते.

आपल्याकडे याच्या बरोब्बर उलट टोकाला कोल्हापुरी आहे. माझे आजोबा पायतान घ्यायला जायचे तेव्हा आधी घालून चार पावलं चालून बघायचे, करकर वाजलं पाहिजे, नाही वाजलं तर दुसरा जोड दाखवा. तो आवाज मुद्दाम करून घेतलेला असतो, त्यासाठी कारागीर खास कलाकुसर करतो. वाड्याच्या दारापासून तो कर्र कर्र आवाज यायचा आणि माजघरातल्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, पोरं पत्ते उचलायची. म्हणजे एकीकडे न वाजणारा बूट म्हणून नाव स्नीकर, आणि एकीकडे माणूस येतोय हे चार घरांना कळावं म्हणून वाजणारी वहाण. आज माझा मुलगा स्नीकर्ससाठी हट्ट करतो ते काही न वाजण्यासाठी नाही, सगळ्यांनी बघावेत म्हणूनच, तेव्हा आजोबांचंच रक्त आहे ते.

आता माझं अडलेलं काम. ओळखीतल्या एकाने इंग्रजीत कथा लिहिल्यात, अजून छापलेल्या नाहीत, त्यातली एक मी मराठीत करत होते. त्यात बापलेकीचं काहीतरी बिनसलंय, आठवडाभर बोलणं नाही, आणि एका रात्री बाप तिच्या खोलीत येतो. मूळ वाक्यात इतकंच आहे की ही स्नीक्ड इन टू लुक ॲट हर. सात शब्द. आणि मी त्यावर तीन दिवस बसले होते.

कारण स्नीक म्हणजे नुसतं आवाज न करता जाणं नाही. आवाज न करता जाण्याला इंग्रजीत ढीगभर क्रियापदं आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळं काहीतरी आहे. टिपटो म्हणजे चवड्यांवर चालणं, त्यात मनात काही वाईट नाही, बाळ झोपलंय म्हणून आई तशी चालते. क्रीप म्हणजे मुळात सरपटणं, म्हणून वेलीला क्रीपर, आणि पुढे त्यातून अंगावर काटा आणणारं ते क्रीपी. स्लिंक म्हणजे शेपूट घालून निघून जाणं. प्राउल म्हणजे भक्ष्य शोधत हिंडणं, बिबट्या करतो ते. लर्क मध्ये तर चालणंच नाही, दबा धरून बसणं आहे. आणि स्नीकमध्ये असतो तो अपराध, आपण करतोय ते कुणाला कळलं तर चालणार नाही हे त्या माणसाला माहीत असतं. त्यात थोडा हलकेपणाही असतो, स्नीकी माणूस म्हणजे सरळ नसलेला माणूस. जुन्या इंग्रजीत स्नीकन म्हणून सरपटण्यासाठी एक शब्द होता, त्याच्याशी आणि स्नेकशी म्हणजे सापाशीही याचं नातं असावं असं मानतात, मधल्या काळातला दुवा सापडत नाही म्हणून अभ्यासक ठामपणे बोलत नाहीत. पण अर्थाने पटतं. आपला सर्प तरी काय, सृप् म्हणजे सरपटणे यातूनच आला, आणि इंग्रजीतला सर्पंट त्याच घराण्यातला.

हा हलकेपणा किती महत्त्वाचा आहे ते मला एका वेगळ्याच ठिकाणी कळलं होतं. एका इंग्रजी लेखात लाल महालाबद्दल लिहिलं होतं, १६६३ सालची एप्रिलमधली ती रात्र, शाहिस्तेखानाचा पुण्यात तळ, आणि महाराज मोजक्या माणसांनिशी महालात शिरले. लेखकाने त्याला स्नीक्ड इन लिहिलं होतं. व्याकरण बरोबर, घटना बरोबर, गुपचूप शिरले हेही बरोबर, आणि तरी वाचताना मला टोचलं. कारण स्नीक करणारा माणूस लहान होतो. मराठीत आपण सरळ म्हणतो छापा घातला, शिरले, आणि त्यात कुठेही त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट वाढतं. इंग्रजीत तिथे स्लिप्ड इन चाललं असतं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, पण त्याने शब्दाचा अर्थ बघितला आणि चव बघितली नाही.

मीही एकदा असंच केलंय. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका ब्रिटिश बोर्डिंग स्कूलच्या गोष्टीत एक मुलगा दुसऱ्याला म्हणतो, यू आर अ स्नीक, आणि मी लिहिलं तू चोरटा आहेस. संपादकांनी फोन करून विचारलं, याने काय चोरलंय? काहीच चोरलं नव्हतं त्याने. ब्रिटिश शाळांत स्नीक म्हणजे चहाडखोर, मास्तरांकडे जाऊन कुणाचं काय चाललंय ते सांगणारा, अमेरिकेत ज्याला टॅटलटेल म्हणतात तो. त्या मुलाची सगळी गोष्टच त्या एका शब्दावर उभी होती, वर्गातल्या कुणीतरी चहाडी केलीय आणि कुणी केली ते शोधायचंय, आणि मी त्याला चोर करून बसले होते. वेळेत सुधारलं म्हणून बरं, पण तेव्हापासून छोटे शब्द मी दोनदा बघते, मोठे शब्द तसेही आपण कोशात बघतोच.

तर बाप लेकीच्या खोलीत येतो. मराठीत लिहायला बसलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आपल्याकडे स्नीकला क्रियापद नाही. आपण आलो, गेलो, शिरलो, निसटलो, सटकलो असं म्हणतो, आणि कसे ते पावलांवर टाकतो. चोरपावलांनी, दबक्या पावलांनी, मांजरीच्या पावलांनी, पाय न वाजवता. मला हे फार सुंदर वाटतं, की इंग्रजीत गुपचूपपणा क्रियापदात असतो आणि मराठीत तो पायात असतो. लेनर्ड टाल्मी नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत त्यांनी जगातल्या भाषांची अशी विभागणी करून दाखवलीय, काही भाषा कसा गेला हे क्रियापदात सांगतात आणि कुठे गेला त्यासाठी एक चिटुकला शब्द जोडतात, काही भाषा कुठे गेला ते क्रियापदात सांगतात आणि कसा ते बाजूला वेगळं ठेवतात. इंग्रजी पहिल्यातली, स्पॅनिश दुसऱ्यातली, आणि आपली मराठी स्पॅनिशच्या बाजूची असं मला रोजच्या कामावरून वाटतं. स्नीक इन, स्नीक आउट, स्नीक पास्ट, स्नीक अप, इंग्रजीत क्रियापद एकच राहतं. मराठीत आत शिरला, बाहेर सटकला, डोळा चुकवून गेला, पाठीमागून येऊन भ्वॉक केलं, प्रत्येक वेळी नवीन. थिएटरमध्ये पर्समधून वडापाव नेला तर तो लपवून नेला. कुणाकडे बघितलं तर चोरून बघितलं. आणि वय स्नीक अप होतं तिथे तर पावलंही नाहीत, कधी चाळिशी गाठली कळलंच नाही, एवढंच.

आणि चोरून म्हटलं की मग तो चोर. इथे इंग्रजी आणि मराठी एकदम एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. स्टील म्हणजे चोरणं, पण ही स्टोल आउट ऑफ द रूम म्हटलं तर तो काही चोरत नसतो, हळूच बाहेर पडलेला असतो. आणि स्टेल्थ हा शब्द स्टीलवरूनच आलाय, हीलवरून हेल्थ यावा तसा, आणि त्याचा आधीचा अर्थ सरळ चोरी असाच होता. आता तो रडारला सहज न दिसणाऱ्या विमानाला लावतात. आपल्याकडे पण चोरातली चोरी कधीच गळून गेली. किल्ल्याचा चोरदरवाजा कुणी चोरासाठी बांधत नाही. जुन्या कोटांना आतून चोरखिसा असायचा तो चोरापासून पैसे लपवायला. आणि सगळ्यात गोड म्हणजे चोरओटी आणि चोरचोळी. दिवस गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत, अजून गावभर सांगायचं नसतं तेव्हा, घरातल्या घरात चार बायका ओटी भरतात ती चोरओटी. यात चोर कोण आहे? कुणीच नाही. सगळ्यांना आनंद आहे आणि तो आनंद थोडे दिवस झाकून ठेवायचाय, दृष्ट लागू नये म्हणून, काळजी म्हणून. दुसऱ्या दिवशी भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, सो इट्स अ स्नीकी बेबी शॉवर? मी नाही म्हटलं, स्नीकी मुळीच नाही, आणि मग का नाही ते तिला नीट समजावायला मला अर्धा तास लागला, पण तिने ऐकून घेतलं सगळं. तिच्या आईचीही चोरओटी झाली होती, माझ्याच घरी, हे ऐकल्यावर तर ती उठून आईला विचारायला गेली.

क्रिकेटमध्ये पण हा शब्द आहे. स्नीक अ सिंगल म्हणतात इंग्रजी कॉमेंट्रीत, आणि मराठीत आपण म्हणतो चोरटी धाव. लहानपणी रेडिओवर मराठीतून धावतं वर्णन ऐकायचो, बाळ ज. पंडितांनी मराठी कॉमेंट्रीला जे वळण लावलं त्या वळणाचं, त्यात चोरटी धाव ऐकलं की मला डोळ्यासमोर दिसायचं, चेंडू दोन पावलांवर पडलाय, फिल्डर अजून वाकतोय आणि हा निम्म्यात पोचलाय. इथे मात्र मी मराठीला दोन मार्क जास्त देईन, कारण इंग्रजीत बॅट्समन स्नीक करतो आणि मराठीत ती धावच चोरटी होते.

अजून एक, स्नीक पीक. हल्ली कुठल्याही मराठी सिनेमाची बातमी बघा, स्नीक पीक आलंय असं लिहितात. इंग्रजीत यावर लोक सारखे चुकतात, डोकावणं असलेल्या पीकच्या जागी शिखरवाल्या पीकचं स्पेलिंग लिहितात. देवनागरीत दोन्ही पीकच, चूक करायला जागाच नाही, वर आपल्याला शेतातलं पीक आठवतं ते वेगळंच. पण झलक हा शब्द असताना हे कशाला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर ते सात शब्द. चोरपावलांनी लिहून बघितलं, पण बाप चोर नाहीये, आणि मांजरीच्या पावलांनी म्हटलं तर तो लाडिक होतो. दबक्या पावलांनी जवळ जात होतं पण त्यात वाचणाऱ्याला भीती वाटते, आता हा काय करणार म्हणून, आणि मुलगी एकटी झोपलीय, ते मला नको होतं. हळूच म्हटलं तर तो अपराध निघून जातो, आणि अपराध तर हवा, कारण तो ओरडलाय तिच्यावर, आठवडाभर बोललेला नाही, आणि ती जागी झाली तर काय म्हणायचं हे त्याला माहीत नाही, म्हणून तर तो असा येतोय. त्या रात्री पोरं आमरस खाऊन झोपली, डबा धुवायचा राहिला होता तो धुतला आणि त्यांच्या खोलीचा दिवा चालू होता तो बंद करायला गेले. दारात आपोआप चपला काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक, घरातल्या मऊ चपला, आवाज होतच नाही त्यांचा. दिवा बंद केला, थोडा वेळ बघत उभी राहिले आणि परत आले.

सकाळी वाक्य लिहिलं ते असं. बाबांनी दाराशी चपला काढल्या, आत आले, आणि ती जागी नाही ना हे बघून मग तिच्याकडे बघितलं.

मूळ लेखकाला पाठवलं तर तो म्हणाला, माझ्या वाक्यात चपला नव्हत्या. मी म्हटलं होत्या, स्नीक्डमध्ये होत्या. त्याने ठेवलं.